डबा कोण नेतं?

आमच्या धंद्यात नवीन माणसाला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळते. काय पाठवायचं ते आपण ठरवतो असं वाटतं, पण निम्मं ते मधली वाट ठरवते. लाइन बारीक असेल तर चित्र जात नाही, अक्षरं जातात. पोचायला वेळ लागणार असेल तर त्या वेळात शिळं होणार नाही असंच काहीतरी पाठवावं लागतं. घाबरू नका मंडळी, हा शनिवार नेटवर्किंगचा नाही :-) विषय आहे शिकायला बाहेरगावी गेलेल्या पोराला घरून जाणारा डबा. लाडू, चिवडा, मेतकूट, लोणच्याची बरणी, आणि चार पिशव्यांत गुंडाळूनही नेमकं सांडणारं काहीतरी.

या डब्याबद्दल बोलताना आपण आईच्या हाताबद्दल बोलतो. ते ठीकच आहे. पण आईच्या हातातून निघालेला डबा पोराच्या हातात पडेपर्यंत मधे कोणीतरी असतं. गेले काही रविवार मी या मधल्या माणसाच्या मागावर होतो. वाचता वाचता माझं मत असं बनलं की डब्यात काय जाणार, कुणाच्या पोराला जाणार, आणि डबा नाही म्हणून कुणाचं पोर शिक्षण अर्धवट टाकून परत येणार, हे आपल्याकडे बऱ्याच अंशी नेणाऱ्यावर ठरत आलं आहे.

सुरुवात नेणारा नव्हता तिथून करू. एकोणिसाव्या शतकात कोकणातला किंवा देशावरचा मुलगा पुण्या-मुंबईला शिकायला यायचा, तेव्हा घरून शिजवलेलं अन्न मागून येण्याचा प्रश्नच नव्हता. निघताना बांधून दिलेली शिदोरी, बस. त्या शिदोरीतही हिशेब होता. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती सोवळ्या-ओवळ्याच्या नियमात प्रवासाला चालायची, आणि दोन-तीन दिवस मऊही राहायची. सोलापूरकडे कडक भाकरी करतात, तिच्यात ओलावाच ठेवत नाहीत, म्हणून ती कितीतरी दिवस टिकते. दोन्हीकडे प्रवासाचे दिवस आधी मोजले आणि पदार्थ नंतर ठरला.

शिदोरी संपली की पुढचं जेवण परक्याच्या घरी. त्याच्या दोन रीती होत्या. एक माधुकरी, म्हणजे झोळी घेऊन घरोघर फिरून शिजवलेलं अन्न मागून आणायचं. दुसरी वार लावणं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, अशी सात वारांना सात घरं धरायची. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास. आपल्या पाठ्यपुस्तकात धडे असलेली कितीतरी माणसं अशी वारावर जेवून शिकली, आणि आपण ते कौतुकाने वाचतो.

कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. ही सात घरं जातीच्या आत मिळायची. ब्राह्मणाचा मुलगा ब्राह्मणाच्या घरी जेवायचा. कुणब्याच्या मुलाला सदाशिव पेठेत सात वार कोण देणार? आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या मुलाला तर अंगणातच अडवलं जायचं. म्हणजे दोन मुलं सारखीच हुशार, दोघांच्याही घरून डबा येऊ शकत नाही, पण एकाला शहरात जेवण मिळतं आणि दुसऱ्याला नाही. दुसरा गावी परत जातो. शिक्षणाच्या इतिहासात फी आणि शाळाप्रवेशाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं. दुपारी बारा वाजता हा मुलगा जेवला कुठे, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो.

तो ज्यांनी विचारला त्यांनी बोर्डिंगं काढली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पाठिंब्याने १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार का होईना, पण ज्याला शहरात घर नव्हतं त्याला स्वयंपाकघर मिळालं. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच्या पुढे गेले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्याला त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायला लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. इकडे सोलापूरला डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ मध्ये वसतिगृह सुरू केलं.

बोर्डिंगात डब्याची अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटली. शिजवलेलं अन्न गावाहून आणता येत नसेल तर न शिजवलेलं आणा. ज्वारी-बाजरी, डाळी, गूळ यांना घाई नसते. बैलगाडीने आठ दिवसांनी आली तरी चालतात. भाऊराव गावोगाव फिरून धान्य गोळा करायचे. आणि ते पुरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घातलं. ही गोष्ट आपल्याला शाळेत त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात. त्यागाची आहेच, पण तिच्यात एक रोकडा हिशेबही आहे. इमारत झाडाखाली भरवता येते, पुस्तक दोघांत वाचता येतं. संध्याकाळची भाकरी मात्र पुढे ढकलता येत नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ, कारण मुंबईला नेणारा सगळ्यात आधी सापडला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायचा धंदा सुरू केला असं डबेवाले सांगतात. नेणारी माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची. उपनगरं वाढली तशी ही वाट लांबत गेली. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड इथल्या घरांतून सकाळी नऊ-दहाला उचललेला डबा लोकलच्या मालडब्यातून वीस ते पस्तीस किलोमीटर जाऊन एकच्या आत फोर्टात. ऑफिसांचं सगळ्यांना माहीत आहे, पण शाळा-कॉलेजातल्या मुलांचेही डबे यात असायचे.

माझ्यातल्या इंजिनिअरला झाकणावरची खूण आवडते. तिथे ना गिऱ्हाईकाचं नाव, ना पूर्ण पत्ता. रंगाने काढलेली चार-पाच अक्षरं आणि आकडे असतात: निघाला कुठून, उतरायचं कुठल्या स्टेशनला, तिथून नेणारा कोण, इमारत कुठली आणि मजला कितवा. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस फक्त आपल्यापुरतं वाचतो आणि पुढे देतो. इंटरनेटवरचं पॅकेट जवळपास असंच जातं. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये यावर केस स्टडी लिहिली, त्यात नवल नाही. पण मला त्याहून मोठी वाटते ती वेळ. तीन तासांत पोचणार म्हटल्यावर बाईंनी डब्यात काय भरलं? रस्सा भाजी, आमटी, दहीभात. दशमीपासून आमटीपर्यंतचा हा प्रवास रेल्वेने घडवला. करोनाच्या आधी साधारण पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे नेत, असा आकडा सांगितला जायचा. मार्च २०२० मध्ये हे सगळं थांबलं, आणि नंतर सुरू झालं ते फारच कमी प्रमाणात.

बाकीच्या महाराष्ट्राला नेणारा मिळाला तो १ जून १९४८ ला, पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) रस्त्यावर. त्या दिवशी एसटीची पहिली गाडी सुटली. पुढे गावागावाला गाडी जायला लागली आणि तिच्याबरोबर एक पद्धत रुजली, जी मुंबईच्या लोकांना फारशी माहीत नसते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा डबा रोज सकाळी गावातल्या थांब्यावर कंडक्टरच्या ताब्यात द्यायचा. मुलगा स्टँडवर उभा. गाडी लागली की आपली पिशवी ओळखून उचलायची आणि कालचा रिकामा डबा परत ठेवायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीला. १९९२ मध्ये मी मुलुंडहून तिथे इंजिनिअरिंगला गेलो. माझा खोलीतला जोडीदार तासगाव भागातला. त्याचा डबा रोज यायचा, माझा महिन्यातून एकदा. त्याची कापडी पिशवी, तिच्यावर ऑइलपेंटने नाव, आत भाकरी, पिठलं, कधी वांग्याचं भरीत, ठेचा. माझा डबा रात्रीच्या खाजगी बसने यायचा. वडील तो सायनला जाऊन ड्रायव्हरकडे द्यायचे, आणि एसटीडी बूथवरून गाडीचा नंबर मला कळवायचे. तोच आमचा ट्रॅकिंग नंबर! डबा महिनाभर पुरवायचा, म्हणून त्यात मेथीचे लाडू, शंकरपाळे, लसणीची कोरडी चटणी, संक्रांतीच्या सुमारास गूळपोळ्या. पुरणपोळी कधीच नाही. तेव्हा मला वाटायचं की आईला गूळपोळी जास्त आवडते.

खरं कारण सोपं आहे. अन्नातलं मोकळं पाणी एका मर्यादेखाली गेलं की बुरशी आणि जिवाणू त्यात वाढू शकत नाहीत. शिजवलेल्या डाळीच्या पुरणात ओल असते, ते एक-दोन दिवसांत विटतं. गूळपोळीत गूळ, भाजलेले तीळ, भाजलेलं बेसन. ती कितीतरी दिवस राहते. लाडूत बेसन तुपात भाजून पाणी घालवलेलं असतं, चकली-शंकरपाळ्यातलं पाणी तळताना उडून जातं. मग भीती उरते ती तेल-तूप खवट होण्याची. ते हवेने आणि उजेडाने होतं, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. आपण ज्याला ‘फराळ’ म्हणतो, ती आठवडे-आठवडे टिकणाऱ्या मालाची निवडून काढलेली यादी आहे. पोस्टाच्या पार्सलमधून, मांजरपाटात शिवून, लाखेची मोहर लावून जायचं ते याच यादीतलं.

जोडीदाराकडे परत जातो, कारण खरी गोष्ट त्याची आहे. मेसचं बिल त्याच्या घरच्यांना झेपलं नसतं. शेतातली ज्वारी घरातच होती, चुलीवर चार भाकऱ्या जास्त टाकल्या की झालं. फक्त त्या भाकऱ्या त्याच्यापर्यंत पोचायला हव्या होत्या. म्हणजे माझा डबा हौसेचा होता आणि त्याच्या डब्यावर त्याचं कॉलेज चाललं होतं. मी त्याच्या भाकऱ्या खायचो, तो माझे लाडू खायचा, आणि व्यवहारात फायदा माझाच होता. एसटीने महाराष्ट्रात अशी किती पोरं शिकवली असतील ते कुठल्या अहवालात सापडणार नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा पगार, विलीनीकरण, प्रवाशांचे हाल यावर रोज चर्चा व्हायची. गाडी बंद म्हणजे डब्याची वाटही बंद, हे त्या चर्चेत मला क्वचितच ऐकू आलं.

आणखी एक वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे, १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि साखर कारखान्यांच्या गावांत कॉलेजं उभी राहिली. तोपर्यंत डबे गावाकडून शहराकडे जायचे. आता बोरिवली-मुलुंडची मुलं उसाच्या गावी शिकायला गेली आणि डबे उलटे, शहराकडून गावाकडे निघाले. चेंबूरच्या मैत्री पार्कला रात्री उभं राहिलं की ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत चढणारी खोकी दिसतात, त्यांच्यामागे हा निर्णय आहे.

परदेशाचं थोडं सांगतो. १९२० ते १९२३ या काळात डॉ. आंबेडकर लंडनला शिकत होते. दिवसभर ग्रंथालयात, खिशात पैसे नाहीत. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून ते खायचे, असं धनंजय कीर त्यांच्या चरित्रात सांगतात. पापडच का टिकला असेल? वजन नाही, ओल नाही, आणि कच्चा असल्यामुळे खवट व्हायला त्यात फारसं तेलही नाही. समुद्र ओलांडायला याहून सोयीचा पदार्थ मला सुचत नाही.

आता अमेरिकेचं. तिथे २००२ च्या जैव-दहशतवादविरोधी कायद्याखाली, बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना सरकारला द्यावी लागते. हा नियम डिसेंबर २००३ पासून लागू झाला. त्याला एक अपवाद आहे: एखाद्याने स्वतःच्या घरी बनवलेला आणि दुसऱ्याला व्यक्तिगत भेट म्हणून पाठवलेला पदार्थ. दुकानातला चिवड्याचा पुडा या अपवादात बसत नाही, आईने केलेला बसतो. अमेरिकी सरकारने घरचा खाऊ हा वेगळा प्रकार मानला आहे, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

पण कायद्यात सूट असून भागत नाही, नेणारा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्वस्त पार्सलांची आयातकराची सवलत काढून घेतली. कर कोण गोळा करणार याचा घोळ झाला आणि २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू आधी त्यातून वगळल्या होत्या, आठवड्याभरात त्याही थांबल्या. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या जेमतेम आठवडाभर आधी. माझी मुलगी तेव्हा तिकडे एमएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. आम्ही काय केलं? आजोबांच्या काळात करायचे तेच केलं. ‘कोणी जाणारं आहे का?’ म्हणून विचारत सुटलो. घाटकोपरचे एक काका मुलाकडे निघाले होते, त्यांनी बॅगेत दोन किलोंची जागा दिली. चकल्या मोडल्या, पण पोचल्या.

अर्थात आमचा डबा पुन्हा हौसेचाच होता. तो गेला नसता तर मुलीने दिवाळीत पिझ्झा खाल्ला असता आणि शिक्षण चालूच राहिलं असतं. ज्यांचं तसं नाही त्यांच्याबद्दल दोन आकडे देऊन थांबतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. तेव्हा मुंबईसारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यातले जेवणासाठी ३२,०००. भागाकार केला तर दिवसाला ८८ रुपयांच्या आत दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता. आणि २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांत मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा त्या जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले. त्यांचं मागणं होतं, मेस सुरू करा.

तेव्हा ऑफिसात कोणीतरी म्हणालं की पैसे मिळतायत तर तक्रार कसली, हवं ते खा की. सिस्टिमच्या भाषेत ते बरोबर दिसतं: मधला माणूस काढला, गळती थांबली, रक्कम थेट पोचली. पण रक्कम जेवणाच्या वेळेआधी पोचली नाही तर? आणि पोचली तरी त्यातून भाकरी करायची कोणी, कुठे, परीक्षेच्या आदल्या रात्री? शाहू महाराजांना आणि लक्ष्मीबाईंना हे कळलं होतं. माझ्या जोडीदाराच्या गावच्या थांब्यावर पिशवी हातात घेणाऱ्या कंडक्टरलाही कळत असावं, कारण ती पिशवी तो ड्रायव्हरच्या मागे, सांडणार नाही अशा जागी ठेवायचा.

असो. बरंच लांबलं. तुमच्या आसपास कोणाचं पोर बाहेर शिकत असेल आणि तुम्ही त्या गावाला निघाला असाल, तर निघायच्या आधी त्या घरी एक फोन करा. दोन किलोंची जागा होते.